पाणी पाहून हिरवळ : भिलाईच्या अंगणांसाठी पाण्याचा हिशेब

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर आखीव सेक्टरांची वसाहत उभी राहिली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि घरापुढे थोडे तरी अंगण ही या वसाहतीची ओळख बनली. नोकरीनिमित्त नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही तुळशीवृंदावन, जास्वंद, मोगरा आणि त्यांच्यापुढे हरळीचा हिरवा चौक अशी अंगणे जोपासली.

हा हिरवा चौक पावसाळ्यात काहीच मागत नाही, हिवाळ्यात थोडे मागतो आणि नेमके एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पाणी सर्वांत कमी असते, तेव्हा सर्वांत जास्त मागतो. हिरवळीच्या पाण्याचा सारा प्रश्न या विसंगतीत आहे. तो सोडवण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. मोजमाप लागते आणि मोजमापातून निघालेला निष्कर्ष मान्य करण्याची तयारी लागते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे उन्हाळ्यातील पाणी पाहून हिरवळ राखावी, हा तो निष्कर्ष होय.

नळाचे पाणी कोठून येते

दुर्ग-भिलाई परिसरात वर्षाला सुमारे ११०० मि.मी. पाऊस पडतो. हा आकडा लहान नाही, परंतु त्यातील बहुतांश पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या साडेतीन महिन्यांत येतो. उरलेले आठ-साडेआठ महिने साठवलेल्या पाण्यावर काढावे लागतात. बालोदजवळ तांदुला आणि सुखा या नद्यांच्या संगमावरील तांदुला धरण १९२१ मध्ये भातशेतीच्या सिंचनासाठी पूर्ण झाले. पुढे कारखाना आणि वसाहत यांचीही तहान त्याच्यावर येऊन पडली. गोंदली आणि खरखरा हे जलाशय, तसेच धमतरीजवळ महानदीवरील रविशंकर सागर म्हणजेच गंगरेल धरण यांचीही त्याला जोड मिळाली. कालव्यांवाटे आलेले पाणी मरोदा येथील जलाशयांत साठवले जाते आणि शुद्धीकरणानंतर वसाहतीत पोहोचते.

याच धरणांतून उन्हाळ्यात गावोगावचे निस्तारी तलाव भरले जातात. माणसांचे नाहणे-धुणे आणि जनावरांचे पाणी त्या तलावांवर चालते. अंगणात वाहून गटाराला मिळालेले पाणी हे अशा रीतीने एखाद्या तलावाच्या, शेताच्या किंवा शेजारच्या घराच्या वाट्याचे असते, आणि शुद्धीकरणाचा व पंपाच्या विजेचा खर्चही त्यात मिसळलेला असतो.

पाणीटंचाईत हिरवळीचा हिशेब चव्हाट्यावर येतो, याचा अनुभव महाराष्ट्राने २०१६ मध्ये घेतला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांवरील पाणीवापराचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. अमेरिकेतील लास व्हेगास परिसरात तर १९९९ पासून हिरवळ काढून टाकणाऱ्या घरमालकांना अनुदान दिले जाते. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यानुसार रस्त्यांचे दुभाजक, कार्यालयांचे दर्शनी भाग अशा ठिकाणच्या केवळ शोभेच्या हिरवळीला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी देता येणार नाही. भिलाईत तशी वेळ येण्याआधी घरच्या घरी हिशेब मांडणे शहाणपणाचे आहे.

हिरवळीची खरी गरज

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, तसेच हिरवळीचे पाणीही मिलिमीटरमध्ये मोजावे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी सारखे पसरले, तर त्याची उंची बरोबर १ मि.मी. भरते. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे सारे गणित तोंडी करता येते.

जमिनीतून होणारे बाष्पीभवन आणि पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन यांच्या बेरजेला बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. मे महिन्यात भिलाईचे कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि काही दिवशी ४५ अंशांपर्यंत जाते. त्यात कोरडा वारा असतो. अशा हवेत संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन दिवसाला सुमारे ७ मि.मी. धरता येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत उष्ण हवामानातील हिरवळीच्या गवतासाठी पीक गुणांक ०.८० ते ०.८५ दिलेला आहे. त्यानुसार हरळीची मे महिन्यातील दैनिक गरज साधारण ५.५ मि.मी. येते.

१०० चौरस मीटर हिरवळीसाठी याचा अर्थ दिवसाला ५५० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या राष्ट्रीय मानकात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरलेले आहे. म्हणजे चौघांच्या कुटुंबाच्या दिवसभराच्या सर्व गरजा ५४० लिटरमध्ये भागतात आणि मे महिन्यात अंगणातील १०० चौरस मीटर हरळी एकटीच तेवढे पाणी पिते. महिन्याचा हिशेब १७,००० लिटरवर जातो. डिसेंबरमध्ये हीच गरज २.४ मि.मी., म्हणजे २४० लिटरवर येते.

हा आकडा पूर्ण तजेलदार वाढीसाठीचा आहे. उष्ण हवामानातील गवते गरजेपेक्षा कमी पाण्यातही तग धरतात. संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनाच्या ६० टक्के पाण्यावरही हरळीची हिरवळ समाधानकारक दिसते, मात्र तिची वाढ मंदावते. दुसरीकडे, पाइपने दिलेल्या पाण्याचा काही भाग असमान वाटपात आणि वाऱ्यात वाया जातो. गवताची काटकसर आणि पाइपची उधळपट्टी यांची वजाबाकी साधारण बरोबरीत सुटते. म्हणून उन्हाळ्यासाठी दिवसाला ५.५ मि.मी. हा आकडा व्यवहारात धरण्यास हरकत नाही.

सवयीचे पाणी

बहुतेक घरांत हिरवळीला पाणी घड्याळ पाहून किंवा सवयीने दिले जाते. त्यातून किती पाणी पडते, हे जाणण्यासाठी १५ लिटरची बादली पाइपखाली धरून ती भरण्यास लागणारा वेळ मोजावा. बादली एका मिनिटात भरत असेल, तर पाइपचा प्रवाह मिनिटाला १५ लिटर आहे.

आता १०० चौरस मीटर हिरवळीची दोन घरे कल्पावीत. पहिल्या घरात रोज संध्याकाळी वीस मिनिटे उभे राहून पाइपने पाणी शिंपडले जाते. हे पाणी ३०० लिटर, म्हणजे अवघे ३ मि.मी. झाले. त्याने वरची एक-दोन सेंटिमीटर माती ओली होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातील बराच भाग उडून जातो. मुळे खाली जात नाहीत, कारण खाली ओलावाच नसतो. पाण्याची एक पाळी चुकली की गवत पिवळे पडते, आणि रोज पाणी देऊनही हिरवळ तहानलेली का, असा प्रश्न घरच्यांना पडतो.

दुसऱ्या घरात पाइप हिरवळीवर सोडून दिलेला असतो आणि दीड तासाने कोणीतरी नळ बंद करते. हे पाणी १,३५० लिटर, म्हणजे सरासरी १३.५ मि.मी. झाले. ते सारखे पसरत नाही. पाइपच्या तोंडाशी चिखल होतो, टोकाचा कोपरा कोरडा राहतो, आणि उरलेले पाणी मुळांच्या खाली झिरपते किंवा फाटकाखालून रस्त्यावर येते. रोजच्या गरजेच्या जवळजवळ अडीचपट पाणी येथे खर्च होते.

दुसऱ्या घराने दर तिसऱ्या दिवशी १६ ते १७ मि.मी. पाणी सारखे पसरून दिले, तर त्याची दररोजची सरासरी ५५० लिटरवर येते आणि रोजचे ८०० लिटर वाचतात. पहिल्या घरापुढचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्याजवळ रोज ३०० लिटरच पाणी असेल, तर ते ५.५ मि.मी.प्रमाणे सुमारे ५५ चौरस मीटरला पुरते. उरलेल्या ४५ चौरस मीटर जागेत हिरवळीऐवजी दुसरे काही लावणे, हेच त्याचे उत्तर आहे. हिरवळीचा आकार मे महिन्यातील पाण्यावरून ठरवावा. पावसाळ्यातील उत्साहावरून ठरवलेला आकार उन्हाळ्यात पेलत नाही.

माती ओळखून पाळी ठरवावी

एका वेळी किती पाणी द्यावे आणि दोन पाळ्यांत किती अंतर ठेवावे, हे माती ठरवते. छत्तीसगडच्या मैदानी भागातील शेतकरी आपल्या जमिनी भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा चार नावांनी ओळखतात. ही नावे अंगणालाही तितकीच उपयोगी आहेत. मुळे २५ ते ३० सेंटिमीटर खोल गेलेली आहेत असे धरून, उन्हाळ्यासाठी पुढील अंदाज उपयोगी पडतात.

भाठा : लालसर, मुरमाड आणि उथळ जमीन. पाणी चटकन मुरते, पण टिकत नाही. एका पाळीला १० मि.मी. पाणी दर दुसऱ्या दिवशी द्यावे. जास्त दिलेले पाणी खाली निघून जाते.

मटासी : पिवळसर, हलकी ते मध्यम जमीन. वाळली की कडक होते. १६ ते १७ मि.मी. पाणी दर तिसऱ्या दिवशी द्यावे.

डोरसा : मटासी आणि कन्हार यांच्या मधली जमीन. २० ते २२ मि.मी. पाणी चार दिवसांनी द्यावे.

कन्हार : काळी, चिकण आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन. २५ मि.मी. पाणी चार ते पाच दिवसांनी द्यावे, परंतु ते एकदम देऊ नये. चिकण मातीत पाणी मुरण्याचा वेग तासाला अवघा १ ते ५ मि.मी. असतो. सुरुवातीला भेगा पाणी पितात, नंतर माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहू लागते. म्हणून ठरलेले पाणी दोन-तीन हप्त्यांत, मध्ये तासभर थांबून द्यावे.

वसाहतीतील अंगणांत मूळ जमीन बहुधा तशीच राहिलेली नसते. बांधकामाचा राडारोडा, मुरूम आणि बाहेरून आणलेली माती यांचे थर असतात. त्यामुळे एका कोपऱ्यात एक फूट खोल खड्डा घेऊन पाहणे इष्ट. ओली माती मुठीत दाबून तिची वळी करावी. वळी लगेच मोडली तर माती हलकी, आणि बोटांत लांब पट्टी निघाली तर चिकण समजावी. हलक्या आणि चिकण अशा दोन्ही मातींवर चाळलेल्या कंपोस्टचा किंवा कुजलेल्या शेणखताचा अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीचा थर पावसाळ्याच्या तोंडी पसरावा. हलक्या मातीची जलधारण क्षमता त्याने वाढते आणि चिकण मातीत पाणी मुरणे सुधारते.

डब्यांची चाचणी

तुषार सिंचनाचे यंत्र असो किंवा हाती धरलेला पाइप, पाणी खरोखर किती आणि कसे पडते हे एकदा मोजलेच पाहिजे. त्यासाठी सरळ कडांचे आणि सारख्या आकाराचे आठ-दहा डबे हिरवळीवर सर्वत्र ठेवावेत. नेहमीप्रमाणे पंधरा मिनिटे पाणी द्यावे आणि प्रत्येक डब्यातील पाण्याची उंची मोजपट्टीने मोजावी. सर्व उंचींची सरासरी ४ मि.मी. आली, तर तासाला १६ मि.मी. पाणी पडते असा अर्थ होतो. एका डब्यात ८ आणि दुसऱ्यात २ मि.मी. असेल, तर तुषाराची जागा बदलावी किंवा पाइप फिरवण्याची रीत सुधारावी. वाटप असमान असले की कोरडा कोपरा भिजवण्यासाठी साऱ्या हिरवळीला जादा पाणी दिले जाते. अंगणातील नासाडीचे हे मोठे कारण होय.

नळाला मर्यादित वेळच पाणी येत असेल, तर हिरवळीचे तीन भाग करावेत आणि रोज एकाच भागाला पूर्ण पाळी द्यावी. १०० चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याला १६ मि.मी. द्यायचे, तर साधारण ५३० लिटर पाणी लागते. मिनिटाला १५ लिटर प्रवाह असल्यास ते पस्तीस मिनिटांत होते. रोज सर्वत्र थोडे शिंपडण्यापेक्षा रोज एक भाग पुरता भिजवणे केव्हाही हिताचे.

पाणी मागण्याच्या खुणा

ठरलेली पाळी आली म्हणून पाणी दिलेच पाहिजे असे नाही. आधी गवताला आणि मातीला विचारावे. तहानलेल्या हरळीचा हिरवा रंग मंद, किंचित निळसर-करडा होतो. पाती लांबट मिटू लागतात. हिरवळीवरून चालल्यानंतर पावलांचे ठसे चटकन उठत नाहीत आणि बराच वेळ दिसत राहतात. या खुणा सकाळी दिसल्या, तर त्या दिवशी पाणी द्यावे. भर दुपारी दिसून संध्याकाळी नाहीशा झाल्या, तर ती केवळ उन्हाची ग्लानी होय.

मातीची परीक्षा लोखंडी सळईने होते. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सळई सहज आत जाते तेथपर्यंत ओल पोहोचली आहे असे समजावे. ती २० ते २५ सेंटिमीटर गेली तर पाळी बरोबर, आणि पाच सेंटिमीटरवर अडली तर पाणी वरचेवर पडले आहे. शेतात पेरणीसाठी वाफशाची वाट पाहणाऱ्या माणसाला ही परीक्षा नवी वाटणार नाही. वाफसा आलेली, म्हणजे ओलावा आणि हवा दोन्ही असलेली माती हीच गवताच्या मुळांनाही मानवते.

पाणी पहाटेपासून सकाळी आठपर्यंत द्यावे. त्या वेळी वारा कमी, हवा थंड आणि बाष्पीभवन अल्प असते. दुपारी दिलेल्या पाण्याचा मोठा भाग हवेत जातो. रात्री दिलेले पाणी उडत नाही, परंतु दमट दिवसांत पाती रात्रभर ओली राहिल्यास बुरशीजन्य रोगांना वाव मिळतो.

कापणी आणि खत

उन्हाळ्यात हिरवळ बारीक कातरू नये. एरवी दोन-अडीच सेंटिमीटर राखलेले गवत मार्चअखेरपासून चार ते पाच सेंटिमीटर वाढू द्यावे. उंच गवताची मुळे खोल जातात आणि त्याच्या सावलीत माती थंड राहते. एका कापणीत पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. यंत्राचे पाते धारदार असावे. बोथट पात्याने गवत फाटते आणि फाटलेल्या टोकांतून पाणी अधिक जाते. कापलेले बारीक गवत तेथेच पडू द्यावे, ते वाळून मातीवर पातळ आच्छादन बनते.

एप्रिल-मे महिन्यांत युरियासारखे नत्रखत टाळावे. खत दिले की कोवळी वाढ होते आणि कोवळी वाढ पाणी मागते. नत्राची मात्रा जुलै आणि सप्टेंबरमध्ये, पावसाच्या ओलाव्यावर द्यावी. चालण्याने दबलेल्या जागी पावसाळ्यापूर्वी बागकामाच्या काट्याने दहा सेंटिमीटर खोल छिद्रे पाडल्यास पहिला पाऊस वाहून न जाता मुरतो.

हरळीला झोपू द्यावे

पाणी खरोखरच अपुरे असेल, तेव्हा एक मार्ग उरतो. तो अनेकांना पटत नाही, परंतु गवताच्या स्वभावाला तो धरून आहे. हरळी, म्हणजेच पूजेतील दूर्वा, पाण्याअभावी लगेच मरत नाही. तिची पाती वाळतात, रंग गवताळ तपकिरी होतो, पण जमिनीतील खोड आणि गाठी जिवंत राहतात. जूनचा पहिला चांगला पाऊस पडला की त्याच गाठींतून कोंब फुटतात. माळरानावरची हरळी दर वर्षी हेच करते. अंगणातील हरळीला केवळ आपल्या हौसेखातर जागे ठेवलेले असते.

मेमध्ये हरळीला असे निद्रिस्त ठेवायचे झाल्यास दोन ते तीन आठवड्यांनी एकदाच १२ मि.मी. पाणी द्यावे, म्हणजे जमिनीतील खोड पूर्ण सुकत नाही. १०० चौरस मीटरला दोन आठवड्यांत त्यासाठी १,२०० लिटर लागतात. हिरवी ठेवण्यासाठी तेवढ्याच काळात ७,७०० लिटर लागले असते. साडेसहा हजार लिटरची ही बचत कोणत्याही यंत्राशिवाय होते. या काळात हिरवळीवर वर्दळ, कापणी आणि खत ही तिन्ही बंद ठेवावीत. निद्रेत नेताना पाळ्यांतील अंतर हळूहळू वाढवावे.

दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. लावून वर्ष न झालेल्या हिरवळीची मुळे उथळ असतात, तिला हा ताण देऊ नये. मेक्सिकन गवत म्हणून विकले जाणारे बारीक पात्याचे गवत हरळीपेक्षा सावकाश सावरते, त्यामुळे त्याची पाळी थोडी लवकर द्यावी. नवी हिरवळ लावायचीच असेल, तर स्थानिक हरळीची निवड आणि जुलैची लागवड सर्वांत कमी पाणी मागते.

हिरवळीच्या जागी काय

भिंतीलगतची अरुंद पट्टी, आंब्याखालची दाट सावली आणि फाटकापासून दारापर्यंतची रोजची वाट या तीन ठिकाणी हिरवळ कधीच नीट वाढत नाही आणि पाणी मात्र खाते. वाटेवर फरशा किंवा मुरूम घालावा, पण फटींतून पाणी मुरेल अशी रचना ठेवावी. सारे अंगण सिमेंटने बंद करणे हा पाणीबचतीचा उपाय नव्हे. त्याने घर तापते आणि पावसाचे पाणी जमिनीत जाण्याचा मार्ग बंद होतो.

सारख्या गरजेची झाडे एकत्र लावणे हे कमी पाण्याच्या बागेचे मूळ तत्त्व आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या जलविभागाने १९८१ मध्ये त्याला झेरिस्केप असे नाव दिले. भारतीय परसबागेत हे तत्त्व पूर्वीपासून होते. मोरीच्या पाण्यावर केळ, अळू आणि कर्दळ, तर उन्हात, पाण्यापासून दूर, कण्हेर, बोगनवेल, कोरफड आणि कोरांटी, ही जुन्या घरांची मांडणी म्हणजे पाण्यानुसार केलेली विभागणीच आहे. तगर आणि मोगरा मधल्या पट्ट्यात ठेवावेत. वाळा आणि गवती चहा उतारावर लावल्यास माती धरून ठेवतात.

झुडपांच्या आणि झाडांच्या आळ्यांत पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन करावे. भातपट्ट्यात तणस, म्हणजे छत्तीसगडीतील पैरा, मुबलक मिळते. वाळका पालापाचोळाही चालतो. आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये आणि वाळवी लागत नाही ना, हे अधूनमधून उचलून पाहावे. भाजीच्या वाफ्यात पाच-सहा लिटरचे कोरे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि तोंड झाकावे. त्याच्या अंगातून मातीच्या कोरडेपणानुसार पाणी पाझरते आणि भोवतालच्या वेलांना व रोपांना पुरते.

टंचाईच्या दिवसांत पाण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी तरुण झाडे, मग झुडपे आणि भाजी, शेवटी हिरवळ. हरळी पावसाळ्यात महिनाभरात परत येते. वाळलेले आंब्याचे किंवा कडुलिंबाचे झाड परत उभे राहण्यास दहा-पंधरा वर्षे जातात. वाढलेल्या झाडाला पाणी खोडाशी न देता फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेखाली द्यावे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे तेथवर पसरलेली असतात.

वापरलेले पाणी आणि छतावरचे पाणी

तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी थेट कुंड्यांना द्यावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षारमुक्त असते, तेही चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकले जाते. त्यात क्षार एकवटलेले असतात. म्हणून ते रोज एकाच जागी, विशेषतः कन्हार मातीत, देऊ नये. फरशी आणि वाहन धुण्यासाठी ते अधिक योग्य. साबणाच्या पाण्यातील सोडियमने चिकण मातीची रचना बिघडते. ते केळी-कर्दळीच्या वाफ्यापुरते मर्यादित ठेवावे आणि खाण्याच्या पालेभाजीवर घालू नये.

१०० चौरस मीटर छतावर वर्षभरात १,१०,००० लिटर पाऊस पडतो आणि त्यातील ८० टक्के म्हणजे ८८,००० लिटर पन्हळीतून गोळा होऊ शकतो. परंतु हजार लिटरची टाकी मे महिन्यातील १०० चौरस मीटर हिरवळीला दोन दिवसही पुरत नाही. म्हणून टाकीतील पाणी कुंड्यांसाठी आणि रोपांसाठी राखावे, आणि छताचे उरलेले पाणी गाळणीतून शोषखड्ड्यात किंवा विहिरीत सोडून भूजलात भर घालावी. टाकीचे तोंड जाळीने बंद ठेवावे, अन्यथा डासांची पैदास होते.

वर्षभराचे वेळापत्रक

मटासी माती आणि एका पाळीला १६ ते १७ मि.मी. पाणी धरून :

जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबर : पाणी देऊ नये. सलग आठ दिवस उघडीप असल्यास एक पाळी. कन्हार मातीत निचऱ्याकडे लक्ष द्यावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : पाच दिवसांनी एक पाळी.

डिसेंबर-जानेवारी : आठवड्याला एक पाळी. थंडीत हरळीची वाढ मंदावते, पिवळटपणा दिसला म्हणून पाणी वाढवू नये.

फेब्रुवारी-मार्च : चार ते पाच दिवसांनी एक पाळी. मार्चअखेर कापणीची उंची वाढवावी.

एप्रिल ते मध्य जून : दर तिसऱ्या दिवशी एक पाळी, किंवा पाणी अपुरे असल्यास हरळीची निद्रा.

पाच मि.मी.हून अधिक पाऊस झाल्यास तेवढे पाणी पुढच्या पाळीतून वजा करावे. सरळ कडांचा एक डबा गच्चीवर ठेवला की पर्जन्यमापकाचे काम भागते.

एक बादली, आठ-दहा डबे, एक सळई आणि एक मोजपट्टी एवढ्या साहित्यावर हा सारा हिशेब उभा आहे. एका रविवारी सकाळी तो मांडता येतो. त्यातून ज्या घराला आपली हिरवळ पाण्याच्या मानाने मोठी आहे असे कळेल, त्याने येत्या पावसाळ्यात तिचा एक भाग मोगऱ्याला, कण्हेरीला किंवा कडुलिंबाच्या सावलीला द्यावा. उरलेली हिरवळ मग पुढच्या मे महिन्यातही त्याच घरच्या पाण्यात राहील.